बीडीडी चाळ: कामगारांसाठी बांधलेली, मधेच तुरुंग झालेली आणि आता टॉवर होणारी वस्ती

१४ ऑगस्ट २०२५ला वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. कालपर्यंत १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणारं कुटुंब आता ५०० चौरस फुटांच्या घरात राहणार. या बातमीबरोबर एक जुनं वाक्यही पुन्हा फिरायला लागलं, ‘इंग्रजांनी या चाळी कैद्यांसाठी बांधल्या होत्या.’ हे वाक्य इतक्या वेळा छापून आलंय की खुद्द चाळीत वाढलेली मुलंही ते सांगतात. पण ते खरं नाही. या चाळी पहिल्या दिवसापासून घरं म्हणूनच बांधल्या गेल्या. तुरुंग नंतर आला, तोही फक्त वरळीत आणि तात्पुरता.

हा फरक किरकोळ वाटेल, पण किरकोळ नाही. जुन्या तुरुंगात राहणाऱ्यांवर सरकार मेहेरबानी करतंय, असा अर्थ त्या वाक्यातून नकळत निघतो. खरी गोष्ट अशी की शंभर वर्षांपूर्वी सरकारने कामगारांसाठी एक गृहयोजना आखली, ती अर्ध्यावरही नेली नाही, आणि जे काही उभं राहिलं त्याची वस्ती केली ती तिथे राहायला आलेल्या माणसांनी.

बीडीडी आणि बीआयटी एक नव्हेत

‘बीडीडी’ म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. मुंबई सरकारने हे खातं १९२०मध्ये काढलं. ‘बीआयटी’ म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, आणि तो याच्याही आधीचा. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, मांडवीच्या दाट वस्तीत त्याचा पहिला तडाखा बसला. त्यानंतर कोंदट गल्ल्या पाडून मोकळे रस्ते आणि नवी घरं करण्यासाठी १८९८मध्ये ट्रस्ट स्थापन झाला. बाबासाहेब आंबेडकर परळला ज्या चाळीत राहिले ती बीआयटीची, बीडीडीची नव्हे. पुढे १९३३मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, त्यामुळे बीआयटी चाळी पालिकेकडे आल्या. बीडीडी चाळी मात्र राज्य सरकारच्याच राहिल्या आणि त्यांची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आली. पुनर्विकासाच्या बातम्या वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं, कारण दोन्हीकडचे मालक वेगळे, म्हणून नियमही वेगळे.

बीडीडी चाळी चार ठिकाणी आहेत. वरळीला १२१ इमारती, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. एकूण २०७. ना. म. जोशी मार्ग म्हणजे पूर्वीचा डिलाईल रोड, आणि जुनी माणसं अजून तेच म्हणतात. ज्यांचं नाव त्या रस्त्याला दिलं ते नारायण मल्हार जोशी गिरणी कामगारांत काम करणारे. १९११मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, आणि १९२०मध्ये आयटक ही देशातली पहिली मोठी कामगार संघटना स्थापन झाली तेव्हा ते तिच्या संस्थापकांत होते. एकाच वर्षी, एकाच शहरात एकीकडे कामगारांची संघटना उभी राहिली आणि दुसरीकडे त्यांच्या घरांसाठी सरकारी खातं. हा केवळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

सरकारला कामगारांच्या घराची आठवण कशी झाली

पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांनी मजबूत नफा कमावला. कोकणातून आणि घाटावरून माणसं येत राहिली, घरं मात्र तेवढीच राहिली. त्यात १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ आली. धान्य महाग, भाडं महाग. १९१९ आणि १९२०च्या जानेवारीत गिरण्यांत मोठे संप झाले. त्या वेळचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी मग दोन मोठी कामं हाती घेतली. एक, बॅक बे इथे समुद्रात भराव घालून जमीन मिळवायची. दोन, औद्योगिक कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या. दोन्ही कामं एकाच खात्याकडे, म्हणजे बीडीडीकडे दिली.

मरीन ड्राइव्हच्या पाठीमागच्या जमिनीची आणि वरळीच्या चाळीची सुरुवात एकाच दफ्तरात झाली, हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात बोलकं वाटतं. भरावाच्या कामात खर्च हाताबाहेर गेला. खुर्शीद फ्रामजी नरिमन यांनी तो गैरकारभार चव्हाट्यावर आणला. नरिमन पॉइंट त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इंग्रजी वृत्तपत्रांत त्या योजनेला ‘लॉईडचा मूर्खपणा’ असं नाव पडलं. भरावाची ही कथा बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते, तिच्या जुळ्या भावंडाची, म्हणजे चाळींची, फारशी कोणी सांगत नाही.

घरांसाठी पैसा उभा करायला सरकारने कर्ज काढलं आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. बांधकाम सिमेंट काँक्रीटचं, तेही एकाच नकाशावर. तळमजला आणि वर तीन मजले. मधोमध लांब पॅसेज, त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. मजल्यावर २० खोल्या, इमारतीत ८०. संडास सामायिक. गिरगाव-दादरच्या खासगी चाळीत खोलीबाहेर उघडी गॅलरी असते, इथे ती नाही, बंद पॅसेज आहे. भर दुपारीही तिथे दिवा लावावा लागतो.

५०,००० खोल्यांपैकी सोळा हजारांहून थोड्या जास्त झाल्या आणि काम थांबलं. बांधकामाचा खर्च वाढला होता, युद्धकाळातली तेजी ओसरून कापड धंदा मंदीत गेला होता. आणि जे बांधलं होतं तेही भरेना. कामगाराच्या मानाने भाडं जास्त होतं, म्हणून सरकारला ते उतरवावं लागलं. वरळी तर तेव्हा गिरण्यांपासून लांब आणि आडबाजूला. तिथल्या कित्येक इमारती वर्षानुवर्षं रिकाम्या पडून होत्या.

मग तुरुंगाचं काय

तुरुंग इथे आला तो या रिकामेपणामुळेच. १९३०मध्ये मिठाचा सत्याग्रह पेटला, मुंबईत धरपकड इतकी झाली की तुरुंग पुरेनात. सरकारच्या हातात वरळीच्या रिकाम्या चाळी होत्या. त्यांतल्या काहींना कुंपण घालून ‘वरळी टेम्पररी प्रिझन’ केलं आणि सत्याग्रहींना तिथे कोंडलं. कामगारांसाठी बांधलेल्या घरांत कामगारांच्या आधी राजबंदी राहिले, असं वरळीत काही चाळींच्या बाबतीत घडलं. नायगाव आणि डिलाईल रोडला मात्र तोवर गिरणी कामगार राहायला आलेले होते. ‘कैद्यांसाठी बांधलेल्या चाळी’ ही दंतकथा वरळीच्या या काही काळावरून सगळ्या २०७ इमारतींना चिकटली.

बंद पॅसेज, एकसारखी दारं आणि जाड काँक्रीट पाहून ती कोणालाही पटते. पण त्या काळी सरकार गरिबांसाठी काही बांधायचं तेव्हा ते बराकीसारखंच बांधायचं. दोष असेल तर तो त्या दृष्टीत आहे.

एका खोलीत किती माणसं

१६० चौरस फूट म्हणजे साधारण दहा फूट बाय सोळा फूट. सुरुवातीला या खोलीत कुटुंब असायचंच असं नव्हतं. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे पुरुष एकटेच मुंबईला यायचे, घरचे गावी. एकेका गावाची मिळून एक खोली असायची. भिंतीला ट्रंका लावलेल्या, वळकट्या गुंडाळलेल्या. दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले झोपायचे. गावचं ग्रामस्थ मंडळ, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, गावच्या शाळेच्या खोलीचे पैसे, सगळा हिशेब याच खोलीत चालायचा. कोकणातल्या आणि घाटावरच्या कित्येक गावांच्या विकासाचं भांडवल मुंबईच्या अशा खोल्यांतून गेलेलं आहे, आणि त्याची नोंद गावच्या देवळातल्या देणगीदारांच्या फरशीवर सापडते.

या पुरुषांना जेवू घालायच्या त्या खाणावळवाल्या बाया. स्वतःचं कुटुंब सांभाळून दोन्ही वेळचे डबे. गिरणगावाचा इतिहास लिहिताना संप, मोर्चे, पुढारी येतात. या बायांचं श्रममूल्य कुणी मांडत नाही, आणि ते मांडल्याशिवाय कामगाराच्या पगारात त्याचं कसं भागायचं याचा हिशेब लागत नाही.

पुढे कुटुंबं आली. खोलीत मोरी झाली, माळा झाला, पॅसेजमध्ये पाण्याची पिंपं आणि चपलांची मांडणी आली. एकाच खोलीत आजी-आजोबा, दोन भावांचे संसार आणि अभ्यास करणारी मुलं. पुरुष आणि मुलगे रात्री पॅसेजमध्ये किंवा गच्चीवर झोपायचे. ‘चाळीत दारं कायम उघडी असायची’ असं कौतुकाने म्हटलं जातं. त्यात माया होती, हे खरं. पण आत जागाच नव्हती, हेही तेवढंच खरं. सामायिक संडासाच्या रांगेत पहाटे उभ्या राहिलेल्या बाईला त्या दिवसांबद्दल विचारलं तर ती मायेबद्दल सांगेल आणि रांगेबद्दलही सांगेल. दोन्ही ऐकायला हवं.

१९८२ला या खोल्यांनी शहर सोडू दिलं नाही

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद होत गेल्या. बरेच जण गावी गेले. बीडीडीतली पुष्कळ कुटुंबं टिकली, याचं एक साधं कारण म्हणजे सरकारी खोलीचं अल्प भाडं. पगार थांबला तरी छप्पर गेलं नाही. बायकांनी पोळी-भाजीचे डबे सुरू केले, पापड लाटले, घरकाम धरलं, मुलं मिळेल त्या नोकरीला लागली. स्वस्त भाड्याचं सरकारी घर संकटात काय करतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मुंबईत दुसरं नसेल.

जातीची रेघ इथेही होती

बीडीडीचा इतिहास सांगताना १९७४ टाळलं जातं. ते टाळून चालणार नाही.

नायगावचं नातं आंबेडकरी चळवळीशी जुनं आहे. धर्मांतराच्या घोषणेनंतर १९३६च्या मेअखेर महार परिषद भरली ती नायगावात, आणि बाबासाहेबांनी धर्मांतर का, याची सविस्तर मांडणी तिथे केली. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर या चाळींतली मोठी लोकसंख्या बौद्ध झाली. वरळीत काही चाळी बौद्धांच्या म्हणून, काही मराठ्यांच्या म्हणून ओळखल्या जात. खोल्या सरकारी, नकाशा सगळ्यांना एकच, तरी वस्तीत रेघ होतीच.

५ जानेवारी १९७४ला, मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीच्या धामधुमीत, वरळीच्या आंबेडकर मैदानावर दलित पँथरची सभा होती. पँथरने निवडणुकीवर बहिष्काराची हाक दिली होती. सभेवर दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि चाळींमध्ये दंगल पसरली. ती पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. १० जानेवारीला निषेधाच्या मोर्चावर वरून दगड टाकला गेला, त्यात पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव ठार झाले. दंगलीच्या चौकशीसाठी सरकारने न्यायमूर्ती भस्मे आयोग नेमला. या चाळींमध्ये पोलिसांची घरंही होती, त्यामुळे मारणारे आणि मार खाणारे दोघेही शेजारी, असं चित्र होतं. चाळीतल्या एकोप्याच्या आठवणी खोट्या नाहीत, पण त्यांच्याबरोबर हे पानही वाचावं लागतं.

५०० फुटांचं घर फुकट कसं मिळतं

आता पुनर्विकासाकडे. २०१६मध्ये राज्य सरकारने हे काम म्हाडाकडे सोपवलं. एप्रिल २०१७मध्ये भूमिपूजन झालं, वरळीत १ ऑगस्ट २०२१ला पुन्हा झालं. योजनेत १९५ इमारती आणि १५,५९३ भाडेकरू. वरळीचे ९,६८९, नायगावचे ३,३४४, ना. म. जोशी मार्गाचे २,५६०.

हिशेब समजायला एकच संज्ञा लागते, एफएसआय. जमिनीच्या तुकड्यावर एकूण किती बांधकाम करता येईल त्याची पट. १,००० चौरस मीटर जमीन आणि एफएसआय २, तर सगळे मजले मिळून २,००० चौरस मीटर. बीडीडी चाळींसाठी मुंबईच्या विकास नियमावलीत ३३(९)(ब) हे वेगळं कलम आहे आणि त्यात नेहमीपेक्षा बराच जास्त एफएसआय दिला आहे.

१५,५९३ खोल्या गुणिले १६० म्हणजे साधारण २५ लाख चौरस फूट. तेवढीच घरं ५०० फुटांची करायची तर सुमारे ७८ लाख. तिप्पट जागा आणायची आणि त्यासाठी भाडेकरूकडून पैसा घ्यायचा नाही. ती येते कुठून? चाळी चार मजली, दोन इमारतींमध्ये भरपूर मोकळी जागा, एकट्या वरळीत सुमारे ५९ एकर जमीन. टॉवर उंच नेले की पुनर्वसनाला जमिनीचा एक भाग पुरतो आणि उरलेल्या भागावर विक्रीची घरं बांधता येतात. शेताचा एक तुकडा विकून आलेल्या पैशात उरलेल्या शेतात विहीर खोदावी, तसा हा व्यवहार. जमीन सरकारची असल्याने विक्रीचा पैसा म्हाडाकडे येणार, कंत्राटदार फक्त बांधून देणार. खासगी बिल्डरच्या योजनेपेक्षा हा मोठा फरक आहे आणि माझ्या मते या योजनेची सगळ्यात चांगली बाजू हीच.

‘आम्ही वीस वर्षं हप्ते भरायचे आणि यांना फुकट?’

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो समजण्यासारखा आहे. उत्तर दोन भागांत आहे. पहिला, घराचे पैसे सरकारच्या तिजोरीतून नाही तर त्याच जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून निघायचे आहेत. दुसरा, ती किंमत वाढली कशी? लोअर परळ, वरळी आज महाग आहे कारण शंभर वर्षं तिथे गिरण्या चालल्या आणि त्या चालवणारी माणसं तिथेच राहिली. जमिनीवर त्यांचा वाटा आहे, असं मी मानतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी निदान हे पाहावं की या कुटुंबांना शहराबाहेर हलवायचं ठरवलं असतं तर एकही वीट हलली नसती.

पोलिसांचा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या खोल्या सेवानिवासस्थानं होती, म्हणजे नोकरी संपली की सोडायच्या. पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या पोलीस कुटुंबांना घर द्यायचं तर कोणत्या किमतीला, यावर २०२२मध्ये बराच घोळ झाला. आधी ५० लाख, मग २५ लाख, शेवटी १५ लाख रुपये ठरले.

पाडायच्या कशाला, दुरुस्त करता आल्या नसत्या का

या इमारती काँक्रीटमधल्या गृहनिर्माणाच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या प्रयोगांपैकी आहेत, त्यामुळे वारसा म्हणून त्या जपाव्यात हे म्हणणं हलकं नाही. पण दोन अडचणी आहेत. समुद्राकाठच्या दमट हवेत काँक्रीटमधली सळई गंजते, गंजताना फुगते आणि बाहेरचा थर फोडते. छताचे पोपडे पडतात ते त्यामुळे. ही दुरुस्ती करता येते, फक्त ती कायम करत राहावी लागते. दुसरी अडचण दुरुस्तीने सुटत नाही. तीन खोल्या एकत्र केल्या तर ४८० फुटांचं एक घर होतं, म्हणजे तीनपैकी दोन कुटुंबांना बाहेर जावं लागेल. सगळ्यांना तिथेच आणि माणसासारखं राहायचं असेल तर उंच जाण्याला पर्याय नाही. काही इमारती नमुना म्हणून राखणं शक्य आहे, आणि ते व्हायला हवं.

लोकांनी इतकी वर्षं विरोध का केला

घर कोणाला नको होतं? प्रश्न भरवशाचा होता. मुंबईत ट्रान्झिट कॅम्पमध्ये, म्हणजे बांधकाम होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, गेलेली माणसं तिथेच म्हातारी झाल्याची उदाहरणं सगळ्यांच्या ओळखीत आहेत. म्हणून आधी करारनामा हातात द्या, मग खोली सोडू, अशी मागणी होती. त्यात पात्रतेची भानगड. खोली आजोबांच्या नावावर, वारस पाच, मधे कधीतरी कागद न करता खोली हस्तांतरित झालेली. अशा हजारो फायली तपासायच्या होत्या. यात वेळ गेला तो लोकांच्या हट्टापायी, असं म्हणणं अन्यायाचं आहे.

टॉवर परवडेल का

खरी कसोटी इथे आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक, सगळ्याला दरमहा पैसा लागतो. वरळीचे पुनर्वसनाचे टॉवर ४० मजली आहेत; तिथे लिफ्ट बंद पडणं ही नुसती गैरसोय राहत नाही. देखभालीची जबाबदारी पहिली १२ वर्षं कंत्राटदाराची आहे. तेराव्या वर्षी ती सोसायटीवर येईल. ज्या घरात एकच कमावता आहे, तोही कंत्राटी नोकरीत, त्याला देखभालखर्च जड गेला की घर भाड्याने द्यायचा किंवा विकायचा मोह होणार. मग वरळीतून गिरणगावची माणसं जातील, आणि कोणी हाकलून दिलं नाही तरी जातील. १२ वर्षांच्या मुदतीत विक्रीच्या उत्पन्नातून देखभालीसाठी कायमचा निधी राखून ठेवणं, तळमजल्याचे गाळे सोसायटीच्या उत्पन्नाला लावणं, हे उपाय आज करता येतात. सगळी विक्री झाल्यावर करता येणार नाहीत.

सार्वजनिक जागेचंही तसंच. वरळीच्या जांबोरी मैदानावर दहीहंडी, कबड्डी, जयंती, सभा सगळं होतं. चाळीतला पॅसेज गेला तरी लोक शेजारधर्म कुठेतरी उभा करतील, पण त्यासाठी पायाखाली मोकळी जमीन लागते. पुनर्वसनाच्या आणि विक्रीच्या इमारतींमध्ये भिंत येणार का आणि मैदान कोणाच्या बाजूला राहणार, हे रहिवाशांनी आत्ताच विचारायला हवं.

शिवडीच्या बारा चाळी

या सगळ्या चर्चेत शिवडीचं नाव येत नाही. १९५ आणि २०७ यांतला फरक म्हणजे शिवडीच्या १२ इमारती. त्या त्याच खात्याने, त्याच नकाशावर बांधल्या. त्यांतही प्रत्येकी ८० प्रमाणे ९६० खोल्या आणि तसेच पोपडे. फरक एवढाच की खालची जमीन मुंबई पोर्ट अथॉरिटीची (पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची), म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतली, आणि वरच्या इमारती राज्याच्या. म्हाडाला ज्या जमिनीवर हक्क नाही तिथे ३३(९)(ब) लावता येत नाही, विक्रीची घरं बांधता येत नाहीत, म्हणून वरळीचं गणित शिवडीत मांडताच येत नाही. वरळीकरांना चाव्या मिळाल्या त्या दिवशीही शिवडीच्या रहिवाशांचा प्रश्न या दोन सरकारांच्या मधेच अडकलेला होता. जमीन राज्याकडे द्या, किंवा पोर्ट अथॉरिटीनेच तसाच पुनर्विकास करा, या दोनपैकी एक झाल्याशिवाय तो सुटणार नाही, आणि दोन्हीसाठी निर्णय दिल्लीतून यावा लागेल.